कॅमेऱ्यासाठी मेमरी कार्ड कसे निवडावे: नागपूरच्या नवशिक्या छायाचित्रकारांसाठी

पावसाळा संपून ऑक्टोबरमध्ये ताडोबा आणि पेंचच्या गाभा क्षेत्रांची प्रवेशद्वारे पुन्हा उघडली, की नागपुरात नवा कॅमेरा घेतलेल्या मंडळींची लगबग सुरू होते. लेन्स कोणती घ्यावी यावर चार महिने विचार झालेला असतो, बॅगही चार दुकाने हिंडून पारखलेली असते. मेमरी कार्ड मात्र कॅमेऱ्यासोबत दुकानदाराने दिलेले किंवा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सीताबर्डीतून घाईघाईने उचललेले असते. दुकानात विचारला जाणारा प्रश्नही ठरलेला असतो: ‘६४ जीबीचे घेऊ की १२८ जीबीचे?’ हा प्रश्न रास्तच आहे, पण त्याचा क्रमांक चौथा लागतो. त्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: कॅमेऱ्यात कोणत्या घडणीचे कार्ड बसते, कॅमेरा त्या कार्डाशी जास्तीत जास्त किती वेगाने देवाणघेवाण करू शकतो, आणि तुम्ही जे टिपणार आहात ते सलग लिहून घेण्यासाठी किती वेग लागतो. या क्रमाने गेल्यास पैसेही वाचतात आणि ऐन वेळी हात चोळत बसण्याची पाळीही येत नाही. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचे बरेचसे विवेचन तिच्याभोवतीच फिरणार आहे: कार्डावर सर्वांत मोठ्या ठशात छापलेला वेगाचा आकडा बहुधा तुमच्या कामाचा नसतो, आणि जो कामाचा असतो तो कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो.

पहिली पायरी: कॅमेऱ्याचे झाकण उघडून खाच पाहा

कॅमेऱ्याच्या बाजूचे किंवा बॅटरीजवळचे झाकण उघडा आणि कार्डाची खाच, म्हणजे ज्याला सगळेच स्लॉट म्हणतात ती, नीट पाहा. त्यानंतर कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतील तपशीलाच्या पानावर ‘रेकॉर्डिंग मीडिया’ या शीर्षकाखाली काय लिहिले आहे ते शब्दशः टिपून घ्या. माहितीपुस्तिका हरवली असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरून ती विनामूल्य उतरवून घेता येते. हे दहा मिनिटांचे काम टाळल्यामुळे चुकीचे कार्ड घेऊन आलेले कितीतरी जण मी पाहिले आहेत.

आज नवशिक्यांच्या हाती असलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांत एसडी कार्ड बसते. लांबी ३२ मिलिमीटर, रुंदी २४ मिलिमीटर, जाडी २.१ मिलिमीटर, एक कोपरा तिरका कापलेला आणि डाव्या कडेला लहानशी सरकती कळ, ही त्याची ओळख. सॅनडिस्क, तोशिबा आणि आज पॅनासॉनिक या नावाने ओळखली जाणारी मात्सुशिता या तीन कंपन्यांनी १९९९ मध्ये हे कार्ड जाहीर केले. पुढे इतर घडणी मागे पडत गेल्या आणि हेच सर्वमान्य झाले. कॅननचा १५००डी, कॅननचा आर५०, निकॉनचा डी५६०० अशा कॅमेऱ्यांत एसडी कार्डाची एकच खाच असते. तुमचा कॅमेरा या गटातला असेल, तर घडणीचा प्रश्न इथेच सुटला. तुम्ही सरळ दुसऱ्या पायरीकडे जावे.

मायक्रोएसडी हे त्याच कुटुंबातले धाकटे भावंड, १५ बाय ११ मिलिमीटरचे. ड्रोन, अॅक्शन कॅमेरे आणि काही मोबाइल फोन यांत ते चालते. ॲडॉप्टरमध्ये घालून ते मोठ्या कॅमेऱ्यातही बसवता येते आणि घरात पडून असलेले कार्ड वापरण्याचा मोह अनेकांना होतो. पण ॲडॉप्टर म्हणजे विजेच्या मार्गात आणखी एक सांधा, आणि हा सांधा ढिला झाला की कॅमेरा मधूनच ‘कार्ड सापडत नाही’ असे दाखवू लागतो. अडीअडचणीला वापरावे, पण ज्या दिवसाची छायाचित्रे पुन्हा मिळणार नाहीत त्या दिवशी वापरू नये.

वापरलेला जुना कॅमेरा घेणाऱ्यांनी मात्र इथे जरा थांबावे. कॉम्पॅक्टफ्लॅश, म्हणजेच सीएफ कार्ड, १९९४ मध्ये सॅनडिस्कने आणले आणि पुढची पंधरा-वीस वर्षे व्यावसायिक कॅमेऱ्यांत त्याचेच राज्य होते. ते ४३ बाय ३६ मिलिमीटरचे असते आणि खाचेत ५० बारीक पिना असतात. कार्ड तिरके दाबले आणि त्यातली एक पिन जरी वाकली, तरी खाच निकामी होते, म्हणून सीएफचा जुना कॅमेरा घेताना टॉर्चच्या उजेडात या पिना पाहून घ्याव्यात. सीफास्ट नावाचे कार्ड दिसायला जवळपास सीएफसारखेच असते, पण दोघांची आतली जोडणी निराळी असल्यामुळे एकाच्या खाचेत दुसरे चालत नाही. ऑलिम्पस आणि फुजीफिल्म यांचे २००२ मधले एक्सडी कार्ड, सोनीचे १९९८ मधले मेमरी स्टिक आणि त्याहून जुने स्मार्टमीडिया यांची वाट आता बंद झाली आहे. घरातल्या कपाटात अशा कार्डाचा कॅमेरा निघाला, तर आतली छायाचित्रे वेळीच संगणकावर उतरवून घ्यावीत, कारण त्यांचे रीडर मिळणे दिवसेंदिवस अवघड होत आहे.

वरच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांत आता सीएफएक्सप्रेस कार्डे आली आहेत. यात टाइप ए आणि टाइप बी असे दोन प्रकार कॅमेऱ्यांत आढळतात, आणि त्यांची अदलाबदल होत नाही. टाइप ए हे २० बाय २८ मिलिमीटरचे, म्हणजे एसडीपेक्षाही लहान असून मुख्यतः सोनीच्या कॅमेऱ्यांत दिसते. टाइप बी हे ३८.५ बाय २९.८ मिलिमीटरचे असून निकॉन झेड९ आणि कॅनन आर५ यांसारख्या कॅमेऱ्यांत वापरले जाते. याच टाइप बीच्या आकाराचे एक्सक्यूडी नावाचे कार्ड आधी आले होते; २०१२ च्या निकॉन डी४ मध्ये ते पहिल्यांदा दिसले. निकॉनने पुढे झेड६, झेड७, डी८५० अशा काही एक्सक्यूडी कॅमेऱ्यांना फर्मवेअर, म्हणजे कॅमेरा चालवणारी आतली प्रणाली, अद्ययावत करून सीएफएक्सप्रेस टाइप बी चालेल अशी सोय करून दिली. असा वापरलेला कॅमेरा घेत असाल, तर फर्मवेअर नवे आहे की नाही हे आधी तपासा, कारण आकार जुळला म्हणजे कार्ड चालेलच असे नाही.

दुसरी पायरी: एसडी, एसडीएचसी आणि एसडीएक्ससी यांतला फरक समजून घ्या

ही तिन्ही कार्डे बाहेरून एकसारखी दिसतात. फरक आहे तो साठवणक्षमतेचा आणि आतील फाइलींची मांडणी कोणत्या पद्धतीने होते याचा. मूळ एसडी कार्ड २ जीबीपर्यंतचे, एसडीएचसी २ जीबीच्या पुढे ३२ जीबीपर्यंतचे, आणि एसडीएक्ससी ३२ जीबीच्या पुढे २ टेराबाइटपर्यंतचे असते. एसडीएचसीमध्ये फॅट-३२ ही मांडणी असते आणि तीत एका फाइलीचा आकार ४ जीबीपेक्षा मोठा होऊ शकत नाही. म्हणूनच ३२ जीबीच्या कार्डावर लांब चित्रफीत घेतली की कॅमेरा तिचे तुकडे करतो. एसडीएक्ससीमध्ये एक्सफॅट मांडणी असल्यामुळे ही मर्यादा राहत नाही.

नवे कार्ड जुन्या कॅमेऱ्यात चालेलच असे नसते, पण जुने कार्ड नव्या कॅमेऱ्यात चालते. एसडीएक्ससी २००९ मध्ये आले; त्याआधीचा कॅमेरा असेल, तर ३२ जीबीच्या पुढे जाऊ नका. गेल्या दहा वर्षांतल्या कॅमेऱ्यासाठी हा प्रश्न सहसा उरत नाही.

तिसरी पायरी: कॅमेरा आणि कार्ड यांच्यातला रस्ता किती रुंद आहे ते पाहा

वर्धा रोडवर रुंद उड्डाणपूल आहे म्हणून महालातल्या गल्लीत गाडी वेगाने जात नाही, तसेच कार्ड कितीही वेगवान असले तरी कॅमेऱ्याची खाच जेवढा वेग देईल तेवढाच मिळतो. या रस्त्याला तांत्रिक भाषेत बस म्हणतात आणि एसडी कार्डांत त्याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. यूएचएस-१ मध्ये कमाल वेग १०४ मेगाबाइट प्रतिसेकंद, आणि यूएचएस-२ मध्ये ३१२ मेगाबाइट प्रतिसेकंद. ही मानकातली कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात यूएचएस-१ कॅमेऱ्यात ८०-९० च्या आसपास वेग मिळाला, तरी तो उत्तम समजावा.

ओळखण्याची खूण सोपी आहे. कार्ड उलटे करा. सोनेरी संपर्कपट्ट्यांची एकच ओळ असेल तर ते यूएचएस-१, आणि तिच्या खाली दुसरी ओळ असेल तर यूएचएस-२. समोरच्या बाजूस रोमन एक किंवा रोमन दोन हा आकडाही छापलेला असतो. यूएचएस-२ कार्ड यूएचएस-१ च्या कॅमेऱ्यात बसते आणि चालते, पण दुसऱ्या ओळीला जोडणी न मिळाल्यामुळे ते यूएचएस-१ च्याच वेगाने चालते. कॅनन १५००डी किंवा आर५० वापरणाऱ्याने महागडे यूएचएस-२ कार्ड घेतले, तर कॅमेऱ्यातल्या कामासाठी त्या जादा पैशांचा उपयोग शून्य आहे. असे कार्ड खपवण्याचा आग्रह झाला, तर नम्रपणे नकार द्यावा.

आता त्या मोठ्या ठशातल्या आकड्याकडे येऊ. यूएचएस-१ च्या कार्डावर १७० किंवा २०० मेगाबाइट प्रतिसेकंद असे छापलेले तुम्हाला सर्रास दिसेल. मानकाची मर्यादाच १०४ असताना हा आकडा येतो कुठून, हा प्रश्न पडायलाच हवा. काही उत्पादकांनी आपल्या कार्डात आणि आपल्याच रीडरमध्ये मानकापलीकडची खास पद्धत बसवली आहे. त्या जोडीतच हा वेग मिळतो. कॅमेऱ्यात तो मिळत नाही. शिवाय हा आकडा वाचनाचा असतो, म्हणजे कार्डावरून संगणकाकडे जातानाचा. छायाचित्रकाराला अडवते ते लेखन, म्हणजे कॅमेऱ्यातून कार्डाकडे येतानाचे, आणि लेखनाचा वेग वाचनापेक्षा बहुधा कमी असतो. त्यामुळे पाकिटाच्या मागे लेखनाचा वेग वेगळा दिला आहे का, ते शोधून वाचा. जुन्या कार्डांवर ६३३ पट असे गुणक असत. तेव्हा एक पट म्हणजे १५० किलोबाइट प्रतिसेकंद, म्हणून ६३३ पट म्हणजे सुमारे ९५ मेगाबाइट प्रतिसेकंद, असा हिशेब करावा.

चौथी पायरी: कोपऱ्यातल्या बारीक खुणा वाचायला शिका

लेबलावर तीन प्रकारच्या वेगखुणा असतात आणि तिन्ही एकच गोष्ट सांगतात: हे कार्ड सलग लिहिताना किती वेगाच्या खाली घसरणार नाही. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १० हा आकडा असेल, तर किमान १० मेगाबाइट प्रतिसेकंद. यू अक्षराच्या पोटात १ असेल तर किमान १०, आणि ३ असेल तर किमान ३०. सर्वांत नवी आणि सर्वांत स्पष्ट खूण व्ही अक्षराची: व्ही६, व्ही१०, व्ही३०, व्ही६० आणि व्ही९०. इथे अक्षरापुढचा आकडाच किमान वेग सांगतो. व्ही६० आणि व्ही९० ही कार्डे यूएचएस-२ किंवा त्यापुढच्या बसवरच मिळतात. एकाच कार्डावर सी१०, यू३ आणि व्ही३० या तिन्ही खुणा असल्या, तर गोंधळू नका. व्हीचा आकडा घ्या आणि बाकीचे सोडून द्या. ए१ आणि ए२ या खुणा फोनमध्ये ॲप चालवण्यासाठी असतात. कॅमेऱ्यासाठी त्यांचा विचार करू नये.

चित्रफितीसाठी कोणते कार्ड लागते हे आता साध्या भागाकाराने काढता येते. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत चित्रफितीचा वेग मेगाबिटमध्ये दिलेला असतो आणि कार्डाचा मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून पहिल्या आकड्याला ८ ने भागावे. फोर-के चित्रफीत १०० मेगाबिट प्रतिसेकंद असेल, तर कार्डाला १२.५ मेगाबाइट प्रतिसेकंद एवढाच वेग लागतो, आणि व्ही३० चे साधे कार्ड ते सहज पेलते. ४०० मेगाबिटची चित्रफीत असेल तर ५० मेगाबाइट, म्हणजे व्ही६०. हा हिशेब येत नसल्यामुळे व्ही३० पुरेसे असताना व्ही९० घेतलेले लोक मला बरेच भेटतात. दोन्हींच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर असते, म्हणून हा भागाकार शिकून घेणे खरोखर लाभाचे आहे.

छायाचित्रांचा हिशेब जरा निराळा आहे, आणि वन्यजीव छायाचित्रणासाठी निघालेल्यांनी तो मनापासून समजून घ्यावा. शटर दाबल्यावर छायाचित्र थेट कार्डावर जात नाही. ते आधी कॅमेऱ्यातल्या तात्पुरत्या साठ्यात, म्हणजे बफरमध्ये, थांबते आणि तिथून कार्डावर उतरते. आपण एक उदाहरण मांडू. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता जशीच्या तशी साठवलेली फाइल, सुमारे ३० मेगाबाइटची आहे, सेकंदाला १० छायाचित्रे निघतात आणि बफरमध्ये ६० छायाचित्रे मावतात. म्हणजे दर सेकंदाला ३०० मेगाबाइट आत येतात. यूएचएस-१ कार्ड ७५ च्या वेगाने लिहीत असेल, तर दर सेकंदाला २२५ मेगाबाइट तुंबत जातात आणि १,८०० मेगाबाइटचा बफर ८ सेकंदांत भरतो. त्यानंतर कॅमेरा सेकंदाला दोन-तीन छायाचित्रांवर येतो, आणि बोट उचलून घेतले तरी बफर पूर्ण रिकामा व्हायला २४ सेकंद लागतात. तेच २४० च्या वेगाने लिहिणारे यूएचएस-२ कार्ड असेल, तर बफर भरायला ३० सेकंद आणि रिकामा व्हायला साडेसात सेकंद लागतात.

ताडोबात कोलारा किंवा मोहर्लीच्या बाजूला वाघ रस्ता ओलांडतो तो काही सेकंदांत. नवशिक्या माणूस वाघ झुडपाबाहेर येताच बोट दाबून धरतो, आणि वाघ रस्त्याच्या मधोमध थांबून मान वळवतो तेव्हा कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असतो. इथे दोन उपाय आहेत. पहिला पैशांचा: कॅमेरा यूएचएस-२ चा असेल तर तसे कार्ड घ्या. दुसरा सवयीचा: तीन-चार छायाचित्रांचे लहान लहान झटके घ्या आणि मधे बोट उचला. यूएचएस-१ चा कॅमेरा असेल, तर हा दुसराच उपाय खरा. रॉऐवजी जेपेग निवडल्यास फाइल बरीच लहान होते आणि बफर उशिरा भरतो. पण जंगलातल्या पहाटेच्या कमी उजेडात रॉ फाइलचा पुढे फार उपयोग होतो, म्हणून मी स्वतः रॉ सोडत नाही.

सीएफएक्सप्रेसची गरज कोणाला, याचेही उत्तर यातच आहे. त्याच्या २०१९ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत टाइप ए ची कमाल मर्यादा १,००० आणि टाइप बी ची २,००० मेगाबाइट प्रतिसेकंद आहे. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ती दुप्पट झाली. सेकंदाला वीस छायाचित्रे किंवा आठ-के चित्रफीत घेणाऱ्या कॅमेऱ्याला हे लागते. ज्याच्या कॅमेऱ्यात एक खाच सीएफएक्सप्रेसची आणि दुसरी एसडीची आहे, त्याने एक सूत्र ध्यानात ठेवावे: दोन्हींवर एकाच वेळी लिहायला लावले, तर संथ कार्डच गती ठरवते. कॅनन ५डी मार्क ३ वर लग्ने टिपणाऱ्यांना याचा अनुभव आहे. त्यातली सीएफची खाच वेगवान, पण एसडीची खाच यूएचएसच नसलेली, त्यामुळे दोन्हीकडे लिहिताना कॅमेरा मंदावतो.

पाचवी पायरी: आता किती जीबी ते ठरवा

६४ जीबीचे कार्ड संगणकात लावल्यावर सुमारे ५९.६ जीबी दिसते. त्यात फसवणूक नाही. उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो आणि संगणक १०२४ च्या पटीत मोजतो, एवढाच तो फरक. ३० मेगाबाइटची रॉ फाइल धरली, तर त्यात साधारण दोन हजार छायाचित्रे मावतात. १०० मेगाबिटची चित्रफीत तासाला ४५ जीबी घेते, म्हणजे ६४ जीबीत सुमारे ८५ मिनिटे.

माझे मत विचाराल, तर नवशिक्याने १२८ जीबीचे एक घेण्यापेक्षा ६४ जीबीची दोन घ्यावीत. एक बिघडले, हरवले किंवा चुकून पुसले गेले, तरी अर्धे काम हाती राहते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-महाल भागात काळी आणि पिवळी मारबत निघते, तेव्हा गर्दी आणि पावसाच्या सरींमध्ये कार्ड बदलणे कठीण जाते हे खरे. अशा वेळी मोठे कार्ड सोयीचे पडते. पण त्या दिवशीही मिरवणूक सुरू होण्याआधी आणि मधल्या उसंतीत, असे दोनदा कार्ड बदलता येते. कॅमेऱ्याला दोन खाचा असतील, तर त्याची मांडणी ‘एक भरल्यावर दुसरे’ अशी न ठेवता ‘दोन्हींवर एकच प्रत’ अशी ठेवावी. लग्न आणि मुंज टिपणाऱ्यांसाठी तर मी हा नियमच मानतो. सप्तपदी दुसऱ्यांदा होत नाही.

सहावी पायरी: खरेदी आणि तपासणी

बनावट कार्डांचा धोका खरा आहे आणि मी तो सोसला आहे. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानातून, नेहमीच्या भावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत आणि बिलाविना, मी १२८ जीबीचे एक कार्ड घेतले. पुतण्याच्या मुंजीत दिवसभर कॅमेरा बिनतक्रार चालला, पडद्यावर छायाचित्रेही दिसत होती; रात्री संगणकावर पाहतो तो दुपारनंतरच्या सगळ्या फाइलींची नावे जागेवर, पण एकही उघडेना. त्या कार्डाची खरी क्षमता १६ जीबीच होती. अशा कार्डातल्या नियंत्रक चिपला आपली क्षमता खोटी सांगायला शिकवलेले असते. खरी जागा संपली की पुढचे लेखन हवेत विरते किंवा आधीच्या छायाचित्रांवरच होते, आणि कॅमेऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. भिक्षावळीचे एकही छायाचित्र आमच्याकडे नाही, याची रुखरुख अजून आहे.

म्हणून कार्ड अधिकृत विक्रेत्याकडून, जीएसटीच्या बिलासह घ्या. वॉरंटीसाठीही तेच बिल लागते. घरी आल्यावर पाकिटातून काढून लगेच कॅमेऱ्यात घालू नका. विंडोजच्या संगणकासाठी ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि मॅक किंवा लिनक्ससाठी ‘एफ३’ हे विनामूल्य प्रोग्रॅम आहेत. ते संपूर्ण कार्ड चाचणीच्या माहितीने भरतात आणि मग ती परत वाचून पडताळतात, त्यामुळे सांगितलेली क्षमता खरी आहे की नाही हे निःसंशय कळते. कार्ड मोठे असेल, तर या चाचणीला तास-दोन तास लागू शकतात. प्रवासाच्या आदल्या रात्री खरेदी करू नये, असे मी म्हणतो ते यासाठीही. चाचणीत लेखनाचा सरासरी वेगही दिसतो. तो वहीत टिपून ठेवा, म्हणजे वर्षभराने कार्ड मंदावले आहे का हे पडताळता येईल.

रीडरकडे दुर्लक्ष होते. यूएसबी २ च्या जुन्या रीडरमधून सेकंदाला ३०-४० मेगाबाइटच वाचले जातात, मग कार्ड कोणतेही असो. यूएचएस-२ कार्ड घेतले असेल, तर रीडरही यूएचएस-२ चाच आणि यूएसबी ३ किंवा त्यापुढचा घ्यावा.

सातवी पायरी: वापरातली शिस्त

चाचणी झाली की कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, संगणकावर नको. प्रत्येक कॅमेरा आपल्याला हवी तशी फोल्डरांची मांडणी करतो, आणि दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातून आलेले कार्ड तसेच वापरल्यास गोंधळ होण्याची शक्यता असते. लेखन सुरू असल्याचा दिवा लुकलुकत असताना झाकण उघडू नका आणि बॅटरी काढू नका. कार्डातल्या फाइली खराब होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. एसडीच्या कडेची कळ खाली सरकली असेल, तर कॅमेरा ‘कार्ड लॉक आहे’ असे सांगतो. सफारीच्या जिप्सीत बसल्यावर हा संदेश आला की भले भले गडबडतात. कळ वर सरकवली की काम सुरू.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल बरेच जण विचारतात. एसडीच्या मानकानुसार कार्ड उणे २५ ते ८५ अंश सेल्सिअस तापमानात चालायला हवे, म्हणजे मे महिन्यातले ४५ अंश कार्डाला सोसण्यासारखे आहेत. अडचण कॅमेऱ्याची आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंशांचीच दिलेली असते आणि आपल्याकडे ती सावलीतही ओलांडली जाते. लांब चित्रफीत घेताना कॅमेरा तापून बंद पडला, तर दोष कार्डाला देऊ नका; तुकड्यातुकड्यांनी चित्रण करा आणि मधल्या वेळात कॅमेरा ओल्या नव्हे, कोरड्या पांढऱ्या पंच्याखाली ठेवा. सीएफएक्सप्रेस कार्ड मात्र स्वतःही बरेच तापते, म्हणून चित्रण थांबताच ते ओढून काढण्याआधी मिनिटभर थांबावे. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर कार्डाची डबी ठेवू नये. उन्हाळ्यातल्या जंगलवाटांवरच्या बारीक धुळीत उघड्या जिप्सीत कार्ड बदलावे लागले, तर कॅमेरा तोंड खाली करून धरावा आणि संपर्कपट्ट्यांना बोट लावू नये.

चुकून छायाचित्रे पुसली गेली किंवा कार्ड फॉरमॅट झाले, तर पहिली गोष्ट म्हणजे त्या कार्डावर पुढे एकही छायाचित्र घेऊ नका. साध्या फॉरमॅटमध्ये फाइलींची यादी पुसली जाते, मूळ माहिती नवे काही वर लिहिले जाईपर्यंत बहुधा तशीच असते. कळ लॉकवर सरकवा, कार्ड बाजूला ठेवा आणि घरी येऊन ‘फोटोरेक’ सारख्या विनामूल्य प्रोग्रॅमने प्रयत्न करा. सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर न साठवता संगणकावर साठवा.

कार्ड हे छायाचित्रे कायमची जपून ठेवण्याचे साधन नाही. आतल्या चिपमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि न वापरता वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो भार हळूहळू ओसरतो. सफारीहून परतलात की त्याच रात्री छायाचित्रे संगणकावर उतरवा, दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि दोन्हीकडच्या दहा-पंधरा फाइली प्रत्यक्ष उघडून पाहा. त्यानंतरच कार्ड फॉरमॅट करावे. कार्डांवर बारीक मार्करने १, २, ३ असे क्रमांक घाला, संपर्कपट्ट्यांवर शाई जाऊ देऊ नका, आणि डबीत रिकामी कार्डे लेबल वर करून व भरलेली कार्डे लेबल खाली करून ठेवा, म्हणजे पेंचच्या सिल्लारी फाटकावर पहाटेच्या अंधारातही भरलेले कार्ड चुकून कॅमेऱ्यात जाणार नाही.